ऑफिसचा मेल जेऊरला पोचतो, मग हरवतो कुठे?

प्रश्न : भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मी खरेदी विभाग पाहतो. वडिलांचं वय झाल्यापासून महिन्यातले बरेच दिवस गावी, जेऊरला असतो आणि काम इथूनच करतो. ऑफिसचा मेल तीन ठिकाणी उघडतो. लॅपटॉपवर आउटलुक, फोनवर जीमेलचं अ‍ॅप आणि घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड. ते भाच्यानं बसवून दिलंय. पत्ता एकच, पासवर्ड एकच, तरी तिन्हीकडे वेगळंच दिसतं. फोनवर वाचलेला मेल घरच्या कॉम्प्युटरवर न वाचलेला असतो. घरून पाठवलेला लॅपटॉपवर सापडत नाही. आणि कहर म्हणजे दोन-अडीच आठवड्यांपूर्वीची कोटेशनं फोनवरून आणि लॅपटॉपवरून आपोआप नाहीशी होतात. साहेब म्हणतात, ‘तूच डिलीट केली असशील.’ मी हात लावलेला नाही. यातला कोणता प्रोग्राम खराब आहे? कोणता काढून टाकू?
— एक वाचक, जेऊर (ता. करमाळा)

उत्तर : आज तरी कुठलाच काढू नका. आणि घरचा कॉम्प्युटर तर मुळीच पुसू नका, कारण तुमची सगळी कोटेशनं त्याच्याच पोटात सुखरूप आहेत.

तुमच्या पत्रातला ‘दोन-अडीच आठवडे’ हा शब्दप्रयोग फार कामाचा निघाला. थंडरबर्डमध्ये ‘पॉप’ पद्धतीनं खातं जोडलं की तो मेल उतरवून घेतो, सर्व्हरवर एक प्रत ठेवतो आणि १४ दिवस झाले की ती प्रत काढून टाकतो. ही सूचना त्यात आधीपासूनच खूण करून ठेवलेली असते. भाच्यानं ती मुद्दाम दिलेली नसणार. तुमचा फोन आणि लॅपटॉप मात्र थेट सर्व्हरवरचं दाखवतात. सर्व्हरवरची प्रत गेली की त्यांच्याकडूनही गेली. तुम्ही पुण्यात असताना घरचा कॉम्प्युटर बंद असतो, तेव्हा काही हरवत नसेल. जेऊरला येऊन तो चालू केला की एकदम बरेच मेल जात असतील. ताडून पाहा. साहेबांनाही हेच सांगा : डिलीट झालं हे खरं, पण ते तुम्ही केलं नाही.

आता हा पॉप असा का वागतो? तो १९८४ सालचा आहे, आणि आज वापरात असलेली त्याची तिसरी आवृत्ती १९८८ ची. त्या काळी जोडणी टेलिफोनच्या तारेवरून होई आणि मिनिटामिनिटाचे पैसे पडत. म्हणून पद्धत अशी : फोन लावा, आलेलं सगळं उतरवून घ्या, फोन ठेवा, मग निवांत वाचा. सर्व्हरवर जागाही चिमूटभर असे, तेव्हा उतरवलेलं तिथून पुसणं हा शहाणपणा होता. आपल्याकडे विदेश संचार निगमनं सामान्य माणसाला इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, आणि तेही आधी चार महानगरांत. तालुक्याच्या गावाहून तिथं फोन लावायचा तर एसटीडीचा मीटर डोळ्यांसमोर पळायचा. त्या दिवसांत पॉपइतका काटकसरी सोबती दुसरा नव्हता. पण त्यानं एक गोष्ट गृहीत धरली होती : माणूस एक, त्याचा कॉम्प्युटर एक. तुमच्याकडे तीन आहेत.

वेगळ्या यंत्रावरून आपली मेलपेटी वाचायची अडचण १९८६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांना आली. मेल एका मोठ्या यंत्रावर आणि ते बसलेले दुसऱ्याच यंत्रासमोर. त्यांनी जी पद्धत काढली ती ‘आयमॅप’. पॉप म्हणजे चावडीतली फेरफाराची मूळ वहीच घरी उचलून आणणं. आयमॅपमध्ये वही चावडीतच राहते. तुम्ही तिथं जाऊन वाचता, खूण करता आणि मागून येणाऱ्याला ती खूण दिसते. ‘वाचलं’, ‘उत्तर दिलं’, ‘महत्त्वाचं’ या खुणा आयमॅपमध्ये सर्व्हरवर राहतात. पॉपला अशा खुणांची भाषाच येत नाही. म्हणून फोनवर वाचलेलं घरी कोरं दिसतं. दोष आउटलुकचा नाही, जीमेलचा नाही आणि थंडरबर्डचाही नाही. हाच थंडरबर्ड आयमॅपनं जोडला तर शहाण्यासारखा वागेल.

करायचं काय? आधी थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये जाऊन सर्व्हर सेटिंग्ज उघडा आणि १४ दिवसांच्या पुढची खूण काढा. ‘मेसेज सर्व्हरवर ठेवा’ ही वरची खूण मात्र राहू द्या. ती काढलीत तर मेल उतरताक्षणी सर्व्हरवरून जाईल, म्हणजे आगीतून फुफाट्यात. एवढं केलं की गळती थांबली. मग थंडरबर्डच्या प्रोफाइलचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. जुनं पॉप-खातं बदलून आयमॅप करता येत नाही. त्याच पत्त्याचं दुसरं खातं नव्यानं जोडावं लागतं. येणाऱ्या मेलसाठी आयमॅप, पोर्ट ९९३. जाणाऱ्यासाठी ४६५ किंवा ५८७. युजरनेम म्हणजे बहुधा पूर्ण ईमेल पत्ता. सर्व्हरचं नाव कारखान्याची वेबसाइट सांभाळणाऱ्याकडून घ्या. नवं खातं चालू झालं की जुन्या खात्यातली कोटेशनं माउसनं ओढून नव्या खात्याच्या फोल्डरात टाका. ती वर चढतील आणि थोड्या वेळात फोनवर, लॅपटॉपवर पुन्हा दिसू लागतील. त्याआधी मेलपेटीत जागा किती उरलीय ते विचारून घ्या. छोट्या कंपन्या होस्टिंगच्या पैशांत हात आखडता घेतात आणि पेटी भरली की नवा मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो. एकदम सगळं न ओढता वर्षावर्षाचं ओढा. जेऊरच्या नेटवर हे रात्री केलेलं बरं.

जाता जाता लॅपटॉपचंही तपासा. आउटलुकच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये खात्याच्या नावापुढे पॉप की आयमॅप ते लिहिलेलं असतं. शिवाय विंडोजबरोबर हल्ली जे नवं आउटलुक येतं, ते इतर कंपन्यांच्या खात्यांचा मेल आधी मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये आणतं आणि मग तुम्हाला दाखवतं. खरेदीचे भाव, पुरवठादारांची बिलं असा मजकूर असेल, तर हे चालेल का, हे मालकांना विचारून घ्या. ते ठरवणं तुमच्या अखत्यारीतलं नाही.

‘पाठवलेले’ हा वेगळाच घोळ. मेल येतो एका वाटेनं आणि जातो दुसऱ्या. जाणारी वाट म्हणजे एसएमटीपी, १९८२ ची. तिचं काम पत्र पोचतं करणं. प्रत ठेवणं तिच्या कामात नाही. प्रत ठेवतो तो प्रोग्राम. पॉपवाला ती आपल्या डिस्कवर ठेवतो, आयमॅपवाला ती पुन्हा एकदा सर्व्हरवर चढवतो. इथंही गंमत अशी की, कुणी त्या फोल्डरला ‘सेंट’ म्हणतं, कुणी ‘सेंट आयटम्स’, कुणी ‘सेंट मेल’. मग एकाच पेटीत पाठवलेल्या मेलची दोन-तीन फोल्डरं होतात आणि माणूस चुकीच्यात शोधत बसतो. अशा फोल्डरांना सर्व्हरनंच ओळखचिन्ह लावावं, असा नियम २०११ मध्ये झाला. पण सगळे सर्व्हर तो पाळतात असं नाही. तुमच्याकडे तसं झालं असेल, तर प्रत्येक प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये एकच फोल्डर हातानं निवडून द्या.

रेंजबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण जेऊरला राहता म्हटल्यावर सांगायलाच हवं. आयमॅपमध्ये आधी नुसती पाठवणाऱ्याची नावं आणि विषय उतरवता येतात, आणि जोडलेली फाइल मागाल तेव्हाच येते. कमजोर नेटवर हा मोठा दिलासा आहे. फोनमध्ये फाइली आपोआप उतरवण्याचा पर्याय असेल तर तो बंद ठेवा. उलट लॅपटॉपवर शेवटच्या एक-दोन महिन्यांचा मेल उतरवून ठेवण्याची सोय चालू करा. वीज गेली, मोडेम विझला, तरी वाचता येतं आणि उत्तर लिहून ठेवता येतं; नेट आलं की ते जातं. आणि जोडपत्राचं वजन धरताना एक हिशेब लक्षात ठेवा. मेल मुळात फक्त अक्षरांसाठी जन्मला, त्यामुळे चित्र किंवा पीडीएफ पाठवताना ते अक्षरांत बदलावं लागतं आणि त्यात ३ बाइटच्या ४ होतात. डिस्कवर १८ एमबीची दिसणारी फाइल वाटेत २४ एमबीची झालेली असते. २५ एमबीची मर्यादा आहे म्हणून २२ ची फाइल बिनदिक्कत पाठवणाऱ्याला ती परत का आली, याचं उत्तर हेच.

प्रश्न : आमचं केळीचं पॅकहाउस आहे. माल आखाती देशांत जातो. तिकडच्या एजंटचे मेल येतात, त्यात इनव्हॉइस जोडली आहे असं लिहिलेलं असतं, पण माझ्या फोनवर ‘विनमेल.डॅट’ नावाची एकच फाइल दिसते आणि ती कशातच उघडत नाही. तो म्हणतो, माझ्याकडून नीट गेलीय.
— एक वाचक, कंदर (ता. करमाळा)

उत्तर : तुमचंही खरं आणि त्याचंही. तो आउटलुकवरून ‘रिच टेक्स्ट’ प्रकारात लिहितो. त्या प्रकारात आउटलुक मजकुराची सजावट आणि जोडलेल्या फाइली एका स्वतःच्याच गाठोड्यात बांधतं, आणि ते गाठोडं आउटलुक सोडून फारसं कुणाला सोडता येत नाही. समोरही आउटलुक असेल तर कुणाला काही कळत नाही. दुसरा प्रोग्राम आला की ‘विनमेल.डॅट’ उरतं.

इलाज त्याच्या हातात आहे. आउटलुकच्या ऑप्शन्समध्ये मेल या भागात इंटरनेटवरच्या लोकांना मेल कोणत्या प्रकारात जावा हे ठरवता येतं. तिथं ‘एचटीएमएल’ निवडायला सांगा. एकदा केलं की कायमचं. तोवर आलेली फाइल उघडणारी छोटी अ‍ॅप मिळतात. पण ‘फाइल इथं चढवा, आम्ही उघडून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी वेबसाइटवर तुमची इनव्हॉइस टाकू नका. त्यात भाव आहेत, बँकखातं आहे, ग्राहकाचं नाव आहे. न्हावाशेव्याला कंटेनरमधली केळी १३-१४ अंशांवर निवांत बसलेली असताना इकडे इनव्हॉइस उघडत नाही म्हणून जीव टांगणीला लागतो, हे समजू शकतो. म्हणून एजंटला सांगा की महत्त्वाचे कागद साध्या पीडीएफमध्ये, वेगळ्या मेलनं धाडत जा.

निर्यातीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. ‘आमचं बँकखातं बदललं, या वेळचे पैसे नव्या खात्यावर पाठवा’ असा मेल तुमच्या नावानं त्याला किंवा त्याच्या नावानं तुम्हाला आला, तर पैसे हलवण्यापूर्वी फोन करायचाच. फोन जुन्या, माहितीच्या नंबरावर; मेलमध्ये छापलेल्या नंबरावर नव्हे. लबाड लोक दोघांपैकी एकाच्या मेलमध्ये शिरून आठवडेच्या आठवडे व्यवहार वाचत बसतात आणि बिल निघायच्या वेळी बरोबर मध्ये बोलतात. पत्त्यात एखादंच अक्षर बदललेलं असतं. फोनच्या छोट्या पडद्यावर तर पत्ता दिसतही नाही, नुसतं नाव दिसतं.

प्रश्न : हिंजवडीच्या आयटी कंपनीत आहे. लॉकडाउनपासून आठवड्यातले तीन दिवस घरून, म्हणजे वाशिंब्याहून काम करते. कंपनीनं सांगितलंय की मेल फक्त आउटलुकच्या अ‍ॅपमध्ये उघडायचा. माझ्या फोनच्या मेल-अ‍ॅपमध्ये पासवर्ड बरोबर टाकूनही ‘चुकीचा’ म्हणतं. आउटलुकचं अ‍ॅप टाकायला गेले तर ते फोनवर ताबा मागतं. माझे फोटो, व्हॉट्सअ‍ॅप कंपनीला दिसणार का? त्यात ओटीपीचा एसएमएस यायला गच्चीवर जावं लागतं, तोवर त्याची मुदत संपते. त्यापेक्षा सगळा मेल माझ्या जीमेलवर फॉरवर्ड करून घेतला तर?
— एक वाचक, वाशिंबे (ता. करमाळा)

उत्तर : शेवटापासून सुरू करतो. फॉरवर्ड करू नका. सोय खूप आहे, मान्य; पण याच सोयीनं हिलरी क्लिंटन यांचा घात केला. २००९ ते २०१३ या काळात अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री असताना त्यांनी सरकारी कामासाठी घरचा खासगी सर्व्हर वापरला, आणि २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तो विषय शेवटपर्यंत त्यांचा पिच्छा सोडेना. आपल्या केंद्र सरकारच्या २०१५ च्या ईमेल धोरणातही सरकारी पत्त्यावरचा मेल खासगी पत्त्यावर वळवायला मनाई होती. तुमच्या कंपनीचा नियम तुम्ही नोकरी स्वीकारताना सही केलेल्या कागदांत असणार. कुणी वाचत नाही ते वेगळं.

यात इतिहासाची एक मजा आहे. पुण्याच्या बिशप्स शाळेत काही काळ शिकलेले सबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ यांची अडचण तुमच्या नेमकी उलटी होती. ऑफिसात बसून त्यांना स्वतःचा खासगी मेल वाचायचा होता आणि कंपनीची तटबंदी आड येत होती. कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडेल असा मेल ही कल्पना त्यातून आली, आणि ४ जुलै १९९६ ला हॉटमेल सुरू झालं. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ते विकत घेतलं. आज कंपनीची तटबंदी उभी करणाऱ्यांत तीच मायक्रोसॉफ्ट पुढे आहे.

आता पासवर्ड. तो बरोबरच आहे, पण नुसत्या पासवर्डावर आत घेण्याची पद्धत बंद झाली. मायक्रोसॉफ्टनं कंपन्यांच्या मेलसाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून ती बंद करायला घेतली. गुगलनं खासगी खात्यांसाठी ३० मे २०२२ ला आणि कंपन्यांसाठी २०२५ मध्ये. कारण साधं आहे : जुन्या पद्धतीत प्रत्येक प्रोग्राम तुमचा पासवर्ड स्वतःजवळ ठेवायचा, आणि चोरानं तो मिळवला की दुसरी कुठलीच कडी आड नसायची. नव्या पद्धतीत प्रोग्राम तुम्हाला कंपनीच्या लॉगिन पानावर नेतो, तुम्ही तिथं ओळख पटवता, आणि प्रोग्रामच्या हाती पासवर्ड न येता एक टोकन येतं. हे टोकन कंपनी केव्हाही रद्द करू शकते. जे जुने मेल-प्रोग्राम ही भाषा शिकले नाहीत त्यांना ‘पासवर्ड चुकला’ असं दिशाभूल करणारं उत्तर मिळतं. थंडरबर्ड शिकला आहे, पुष्कळ फोनांतली अ‍ॅपही शिकली आहेत. पण तुमच्या कंपनीनं आउटलुकखेरीज सगळ्यांना दार बंद केलं असेल, तर कितीही नवं अ‍ॅप आणा, उपयोग नाही. तिथं वेळ घालवू नका.

ताब्याचं मात्र नीट समजून घ्या, कारण त्याचे दोन प्रकार आहेत. अँड्रॉइड फोनमध्ये ‘वर्क प्रोफाइल’ तयार होत असेल, कंपनीच्या अ‍ॅपच्या चिन्हांवर छोटी बॅग दिसत असेल, तर फोनचे दोन वेगळे कप्पे झाले. कंपनीचा अंमल तिच्या कप्प्यावर. तुमचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅप, घरचे मेसेज दुसऱ्या कप्प्यात, ते तिला दिसत नाहीत. नोकरी सोडलीत तर ती आपला कप्पा पुसते, तुमचा नाही. दुसरा प्रकार जुना आहे : फोनच्या स्वतःच्या मेल-अ‍ॅपमध्ये कंपनीचं खातं घालताना ‘डिव्हाइस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ची परवानगी मागतात, आणि त्या मजकुरात सगळा डेटा पुसण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला असतो. फोन हरवल्याची वर्दी दिली की कंपनी दुरून अख्खा फोन कोरा करू शकते, बाळाच्या बारशाच्या फोटोंसकट. ‘ओके’ दाबण्यापूर्वी यातलं कोणतं आहे ते वाचा. दुसरं असेल तर कंपनीकडे वेगळा फोन मागा, नाहीतर लॅपटॉपवरच काम भागवा. मागायला लाजायचं कारण नाही, गरज त्यांचीही आहे.

आणि गच्चीची फेरी आजपासून बंद. ओटीपी एसएमएसनं न घेता ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधून घेण्याचा पर्याय बहुतेक कंपन्या देतात. मायक्रोसॉफ्टचं, गुगलचं, अशी बरीच अ‍ॅप आहेत. त्यात दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी क्रमांक दिसतो. तो कुठून येत नाही, फोनमध्येच तयार होतो. सुरुवातीला क्यूआर कोड स्कॅन करता तेव्हा एक गुप्त संख्या फोनात आणि सर्व्हरवर अशी दोन्हीकडे ठेवली जाते. ती संख्या आणि त्या क्षणाची वेळ यांच्या गणितातून दोघेही स्वतंत्रपणे तोच क्रमांक काढतात. त्यामुळे फोनला रेंज नसली, सिमकार्ड नसलं, तरी क्रमांक मिळतो. उजनीच्या पाणलोटाकडच्या गावांत ही गोष्ट सोन्याच्या मोलाची आहे. अट एकच, फोनचं घड्याळ बरोबर हवं. तारीख-वेळ ‘आपोआप’वर ठेवा. काही कंपन्या आकड्यांऐवजी फोनवर ‘मंजूर करा’ अशी सूचना पाठवतात. तिला नेट लागतं, म्हणून आकड्यांचा प्रकार मागून घ्या. आणि फोन बदलण्याआधी, आधीचा हातात असतानाच, नव्यावर हे लावून घ्या. जुना फोन एक्स्चेंजला देऊन आल्यावर आठवणारे फार भेटतात.

आता घरून काम करण्याची ही मुभा आली कशी, तेही सांगतो. २०२० पर्यंत कॉल सेंटर आणि बीपीओसारख्या कंपन्यांना माणूस घरून कामाला बसवायचा तर दूरसंचार खात्याच्या नियमांत जबर अनामत रक्कम आणि ठरावीक खासगी जोडणी अशा अटी होत्या. साथ आली तेव्हा, मार्च २०२० मध्ये, त्या तात्पुरत्या सैल झाल्या आणि ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या नियमांनी त्यांतल्या बहुतेक गेल्या.

प्रश्न : आमच्या संस्थेचं पत्र डीटीपीवाला टाइप करून देतो. ते कॉपी करून मेलमध्ये पेस्ट केलं की जिल्ह्याच्या कार्यालयात भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात. कधी नुसती प्रश्नचिन्हं.
— एक वाचक, करमाळा

उत्तर : ही वेगवेगळी दुखणी आहेत. डीटीपीवाला बहुधा श्रीलिपी किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतो. त्या फॉन्टांत आत रोमन अक्षरंच असतात, वर त्यांना मराठी रूप चढवलेलं असतं. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की आतलं उघडं पडतं. मजकूर शाबूत असतो. कन्व्हर्टरनं युनिकोड करून घ्या किंवा पेस्ट न करता पीडीएफ जोडा. छापायचंच पत्र असेल तर पीडीएफ उत्तम.

टोपी, टिंब लावलेली फ्रेंचसारखी अक्षरं पुन्हा पुन्हा दिसली, तर मजकूर युनिकोडमध्येच आहे, पण समोरचा प्रोग्राम त्याला चुकीच्या लिपीसंचात वाचतो आहे. त्याला वाचताना ‘यूटीएफ-८’ निवडायला सांगा, मराठी प्रकट होईल. प्रश्नचिन्हं दिसली, तर वाटेत कुठल्यातरी जुन्या प्रोग्रामनं मराठी अक्षरं टाकूनच दिली आहेत. ती परत येत नाहीत, मेल नव्यानं पाठवा.

प्रश्न : सहकारी संस्थेत लेखापाल आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. इतक्या वर्षांचे ऑफिसचे मेल पेनड्राइव्हवर घरी न्यावेत का? आउटलुकमधून एका फाइलमध्ये निघतात असं ऐकलं. पुढे ऑडिटची काही शंका निघाली तर पुरावा म्हणून लागतील. आणि प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात मेल उघडलेला चालतो का?
— एक वाचक, करमाळा

उत्तर : निघतात. ‘पीएसटी’ नावाची फाइल होते आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या आउटलुकमध्ये उघडते. पण नेऊ नका. तुम्ही लिहिलेला मेल तुमच्या हातचा असला तरी तो संस्थेच्या कामाचा आहे, आणि मालकाच्या परवानगीशिवाय डेटाची नक्कल काढणं हे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमात बसतं. पुराव्याची काळजी रास्त आहे. त्यासाठी वादाचे, मंजुरीचे मेल वेगळ्या फोल्डरात लावा, त्यांची यादी करा, आणि निवृत्तीच्या वेळी ‘हे हस्तांतरित केले’ असा लेखी कागद सचिवांच्या सहीनं घ्या. तुमच्याकडे राहील तो कागद. तुमच्या स्वतःच्या पगारपत्रकांना, फॉर्म १६ ला, नियुक्ती आणि बढतीच्या पत्रांना कुणी हरकत घेणार नाही. ती विचारून घ्या.

झेरॉक्सच्या दुकानात ऑफिसचा मेल शक्यतो उघडू नये. जो कागद छापायचा तेवढाच फोनवरून दुकानाच्या पत्त्यावर पाठवा आणि काम झाल्यावर त्याच्याकडून डिलीट करून घ्या. अगदीच उघडावा लागला, तर ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडा, उतरवलेली फाइल पुसा आणि साइन आउट करा. विसरून घरी आलात आणि पोटात गोळा आला, तर जीमेलमध्ये पानाच्या तळाशी उजवीकडे ‘डिटेल्स’ आहे. तिथून बाकी सगळ्या ठिकाणांहून एकदम बाहेर पडता येतं. पासवर्ड त्याच दिवशी बदला.

यापेक्षा निकडीचं काम तुम्ही विचारलेलंच नाही. आयकर पोर्टल, भविष्य निर्वाह निधीचं खातं, बँक, विमा, डिजिलॉकर, यांत कुठे कुठे ऑफिसचाच ईमेल दिलेला आहे ते आत्ताच काढा. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी नोकरी केलेल्या माणसानं तो सर्रास दिलेला असतो. निवृत्तीनंतर तुमचं खातं बंद होईल आणि निधी काढायच्या वेळी ओटीपी त्या बंद पेटीत जाऊन पडेल. पत्ता बदलताना दुजोऱ्याचा मेल पुष्कळदा जुन्या पत्त्यावरच येतो, म्हणून तो पत्ता जिवंत असतानाच हे उरकावं लागतं. मार्चअखेरच्या गडबडीत ठेवू नका.